कॅप्टन जेकब आणि जोडीचे तारे

लग्न लागल्यावर नवऱ्याने नवरीला वसिष्ठ-अरुंधती दाखवायची, ही पद्धत आपल्या शेजारच्या हिंदू घरांतून अनेकांनी पाहिली असेल. सप्तर्षींच्या शेपटीत तीन तारे आहेत. त्यातला मधला तो वसिष्ठ आणि त्याला अगदी खेटून दिसणारी बारीक ठिणगी ती अरुंधती. ज्याची नजर चांगली त्याला दोन तारे दिसतात, ज्याची अधू त्याला एकच. साधी दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे आपण जिला बायनॉक्युलर म्हणतो ती लावली, की मग नजरेचा प्रश्नच उरत नाही. दोन तारे स्वच्छ वेगळे होतात.

आकाशात अशा जोड्या हजारोंनी आहेत. त्यांच्यामागे सारे आयुष्य घालवलेला एक मनुष्य आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात राहत होता. आकाशातल्या जोड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना त्याचे नाव पावणेदोनशे वर्षांनंतरही ठाऊक आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कुणी घेत नाही. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे त्याचे नाव. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

त्याआधी जोडीच्या ताऱ्यांविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर जेकब काय करीत होते हे कळायचे नाही. दोन तारे जवळजवळ दिसतात याची कारणे दोन असू शकतात. एक म्हणजे ते एकाच रेषेत आले आहेत, पण प्रत्यक्षात एक जवळ व दुसरा त्याच्या कितीतरी मागे आहे. किनाऱ्यावरून पाहताना जवळच्या होडीचा दिवा आणि दूरच्या ट्रॉलरचा दिवा शेजारी शेजारी दिसतात, तसेच हे. दुसरे कारण म्हणजे ते खरोखरच एकमेकांच्या सोबतीला आहेत आणि एकमेकांभोवती फिरत आहेत. नुसते पाहून हे ओळखता येत नाही. वर्षानुवर्षे मोजमाप करावे लागते.

आपल्या धर्मसभेच्या लोकांना हे ऐकून बरे वाटेल, की या विषयाच्या अगदी सुरुवातीला धर्मगुरू आणि मठवासी दिसतात. बेनेदिक्तीय संघाचे बेनेदेत्तो कास्तेली हे गॅलिलिओचे शिष्य. वसिष्ठ हा एकटा तारासुद्धा दुर्बिणीतून दोन दिसतो, हे त्यांनी १६१७ साली गॅलिलिओच्या नजरेस आणून दिले. पुढे १६८९ साली येशूसंघीय धर्मगुरू फादर झाँ रिशो पाँडिचेरीत एक धूमकेतू पाहत होते. दक्षिण क्षितिजाजवळचा मित्र नावाचा ठळक तारा त्यांच्या दुर्बिणीत आला आणि तो दोन निघाला. हिंदुस्थानच्या भूमीवरून लागलेला ताऱ्यांच्या जोडीचा हा पहिला मोठा शोध.

पण या जोड्या खऱ्या की दिसण्यापुरत्या, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हते. ते सांगितले विल्यम हर्शेल यांनी. १७७९ पासून त्यांनी जोड्यांच्या याद्या केल्या. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच जोड्या पुन्हा मोजल्या, तेव्हा काही जोड्यांतला एक तारा दुसऱ्याभोवती सरकलेला आढळला. १८०३ साली त्यांनी ते जाहीर केले. न्यूटनने सफरचंदाला आणि चंद्राला लावलेला नियम तिकडे ताऱ्यांच्या राज्यातही चालतो, याचा तो पुरावा होता. शिवाय त्यातून एक मोठी सोय झाली. जोडी किती वर्षांत फेरी घालते आणि एकमेकांपासून किती दूर आहे एवढे कळले की त्या ताऱ्यांचे वजन काढता येते. ताऱ्याला तराजूत घालायचा याहून सरळ मार्ग आजही नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात ठिकठिकाणी माणसे रात्री जागवून जोड्या मोजू लागली.

विल्यम जेकब यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८१३ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या वुलाव्हिंग्टन या गावी झाला. वडील स्टीफन लाँग जेकब हे तेथील अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक. विल्यम हा त्यांचा सहावा मुलगा. पाचवा मुलगा जॉन हा पुढे सिंधमध्ये सेनापती म्हणून गाजला. आज पाकिस्तानात असलेले जेकबाबाद शहर त्याच्याच नावाचे. खेड्यातल्या उपदेशकाच्या घरात एवढी मुले असली म्हणजे त्यांना कुठेतरी पोटाला लावावे लागे आणि त्या काळी त्याचा राजमार्ग म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. दोघेही भाऊ अ‍ॅडिस्कोम येथील कंपनीच्या लष्करी शाळेतून बाहेर पडले. जॉन तोफखान्यात गेला. विल्यम इंजिनियर झाला आणि १८३१ साली मुंबईस निघाला. वय अवघे सतरा!

काही वर्षे त्यांनी जमीन मोजणीच्या, म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामात घालवली. हे काम कसे चाले ते जुन्या लोकांना माहीत असेल. एका डोंगराच्या माथ्यावर यंत्र ठेवायचे, दूरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या माथ्यावरच्या खुणा पाहायच्या आणि त्यांच्यामधला कोन मोजायचा. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थोडी चूक झाली तर पुढचा सारा नकाशा वाकडा. माझ्या मते जेकब यांच्यातला ज्योतिषी याच डोंगरमाथ्यांवर तयार झाला. कारण जोडीचे तारे मोजणे हे दुसरे काय आहे? कोनच मोजायचा, फक्त तो फार बारीक.

किती बारीक, ते पाहू. वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला. पौर्णिमेचा चंद्र साधारण १,८०० विकला रुंद दिसतो. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात सुमारे ७०० विकलांचे अंतर आहे. जेकब ज्या जोड्यांच्या मागे होते त्यांतल्या कित्येकांचे अंतर दोन-चार विकलांचे. दोन किलोमीटर आत समुद्रात एखादी होडी उभी आहे आणि तिच्यावर बोटभर अंतराने दोन दिवे लावले आहेत, अशी कल्पना करा. ते दोन दिवे किनाऱ्यावरून वेगळे दिसणे म्हणजे दोन विकलांचे अंतर दिसणे.

१८४२ साली जेकब यांनी पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभी केली. दुसऱ्याच वर्षी रजेवर मायदेशी जावे लागले. तिकडे १८४४ मध्ये एलिझाबेथ कोट्स हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८४५ साली ते पुन्हा कामावर रुजू झाले. प्रकृती मात्र साथ देईना. कॅप्टनचा हुद्दा मिळताच त्यांनी कंपनीच्या लष्करी नोकरीचा राजीनामा दिला आणि पुढचे आयुष्य आकाशाला द्यायचे ठरवले.

त्यांची पुण्यातली दुर्बीण काही फार मोठी नव्हती. लंडनच्या डॉलंड यांच्या कारखान्यातली, पाच फूट लांबीची. तारा सरकेल तशी एकाच आसावर फिरवत त्याच्या मागे नेता येईल अशी तिची बैठक होती. अशा दुर्बिणीच्या डोळ्याजवळ दोन अतिशय तलम धागे बसवलेले असत. या कामासाठी त्या काळी कोळ्याच्या जाळ्याचा तंतू वापरत (कोळी म्हणजे भिंतीवरचा, होडीवरचा नव्हे!). एक धागा एका ताऱ्यावर धरायचा, स्क्रू फिरवून दुसरा धागा दुसऱ्या ताऱ्यावर आणायचा आणि स्क्रूचे किती वेढे झाले ते वाचायचे. हे झाले अंतर. मग दुसरा तारा पहिल्याच्या कोणत्या बाजूला आहे, तो दिशाकोन वाचायचा. एवढ्यात हवा हलते, तारे फुगतात, एकमेकांत मिसळतात. थांबायचे. पुन्हा स्थिर झाले की पुन्हा मोजायचे. एका रात्रीच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. वेगवेगळ्या रात्रींचे आकडे घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते.

या पद्धतीने त्यांनी पुण्यातून २४४ जोड्या मोजल्या आणि त्यांची यादी १८४८ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. काही प्रसिद्ध जोड्यांच्या कक्षाही त्यांनी गणित करून काढल्या. युरोपातल्या ज्योतिष्यांना जे तारे क्षितिजाला टेकलेले किंवा मुळीच न दिसणारे, ते पुण्याहून वर आलेले दिसतात. त्यामुळे या यादीला तिकडे मोल होते. पुढच्याच वर्षी सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले.

या २४४ जोड्या मोजण्याच्या काळातच, १८४७ मध्ये, एक गोष्ट घडली. वृश्चिक राशीत, म्हणजे आपल्या आकाशातल्या विंचवात, डोक्याच्या बाजूला न्यू स्कॉर्पी नावाचा एक मंद तारा आहे. तो जोडीचा आहे हे हर्शेल यांच्या यादीपासून माहीत होते. दोघांत अंतर ४१ विकलांचे, म्हणजे बरेच मोकळे. जेकब यांनी पाहिले तर त्यातला मंद साथीदारच पुन्हा दोन ताऱ्यांचा निघाला! दोघांत जेमतेम दोन-अडीच विकलांची फट. जोडी नव्हती, तिघे होते.

या शोधाचा मान मात्र याद्यांतून त्यांच्या नावावर लागला नाही. अमेरिकेत सिनसिनाटी येथे ऑर्म्सबी मिचेल नावाचे ज्योतिषी होते. त्यांनी गावातल्या सामान्य लोकांकडून वर्गणी जमवून ११ इंची मोठी दुर्बीण आणली होती. तिच्यातून त्यांनी १८४६ च्या सुमारास हीच फट पाहिलेली होती. आज या जोडीपुढे नाव असते ते मिचेल यांचे. अकरा इंची दुर्बिणीने जे दाखवले ते जेकब यांना पुण्यात त्यांच्या लहान दुर्बिणीतून, कुणी सांगितल्याशिवाय दिसले, हे मला त्या नावापेक्षा मोठे वाटते. पुढे १८७० च्या दशकात शिकागोच्या न्यायालयात लघुलेखक म्हणून काम करणाऱ्या शेरबर्न बर्नहॅम यांनी त्यातला ठळक ताराही दोन असल्याचे दाखवले. आजच्या हिशेबाने त्या एका ठिपक्यात निदान सात तारे आहेत.

हे सारे आपल्याला घरबसल्या दिसणार नाही, पण अर्धे नक्की दिसेल. धाकटी डहाणू येथे मे महिन्यात, पावसाआधी होड्या वर ओढायची घाई सुरू होते त्या दिवसांत, रात्री दहाच्या सुमारास आग्नेयेला पाहावे. तांबूस रंगाचा ठळक तारा दिसेल. तो ज्येष्ठा, विंचवाचे काळीज. त्याच्या वरच्या अंगाला उभ्या ओळीत तीन तारे आहेत, त्यांना अनुराधा म्हणतात. त्या ओळीतल्या सर्वांत उत्तरेकडच्या ताऱ्यावर बायनॉक्युलर धरला की त्याच नजरेत, थोडा पूर्वेला, एक मंद तारा येतो. तोच न्यू स्कॉर्पी. दहापट मोठे दाखवणारा बायनॉक्युलर असेल आणि हात हलले नाहीत, तर तिथे एक ठळक व एक बारीक असे दोन ठिपके अगदी लगटून दिसतात. त्यातला बारीक ठिपका म्हणजे जेकब यांचे दोन तारे. ते मात्र बायनॉक्युलरमधून एकच दिसणार.

हात हलणे हीच खरी अडचण आहे. माणसाचा हात हलतो आणि दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण तो हलणेही दहापट मोठे दाखवते. उपाय सोपा आहे. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर दोन्ही कोपरे टेकावेत, किंवा आरामखुर्चीत पडून खुर्चीच्या हातांवर टेकावेत. वीजकेंद्राच्या आणि रस्त्याच्या दिव्यांचा उजेड थेट डोळ्यांवर येणार नाही असा आडोसा शोधावा. पंधरा-वीस मिनिटे अंधारात बसावे, मोबाइल खिशात ठेवावा, मग पाहावे. पहिल्या वेळी काही दिसले नाही तर सरावासाठी त्याच रात्री अनुराधेच्या पश्चिमेला तूळ राशीत विशाखेचा एक ठळक तारा आहे, त्याच्याकडे वळावे. तो कुठल्याही बायनॉक्युलरमधून दोन दिसतो. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ पाहावा. एक पिवळट, एक निळसर. इतकी देखणी जोडी दुसरी नाही, पण त्यालाही टेकू हवाच.

डिसेंबर १८४८ मध्ये जेकब यांची मद्रास वेधशाळेचे संचालक म्हणून नेमणूक झाली. ही कंपनी सरकारची वेधशाळा. तिथे जोडीच्या ताऱ्यांखेरीज इतर कामाचा रगाडा होता. त्यांनी १,४४० ताऱ्यांची एक यादी सिद्ध केली. ब्रिटिश असोसिएशनच्या मोठ्या यादीतले ३१७ तारे १८५३ ते १८५७ या काळात पुन्हा मोजले. ते तारे आकाशात फार वेगाने सरकतात असा समज होता. मोजल्यावर कळले, की तारे आपल्या जागीच होते आणि चूक आधीच्या आकड्यांत होती. अशा कामाची बातमी होत नाही. पण त्याशिवाय पुढच्यांचे पाऊल पडत नाही.

१८५० साली पॅरिसच्या लेरेबूर यांच्याकडून ६.३ इंची दुर्बीण आली आणि जेकब पुन्हा आपल्या आवडत्या जोड्यांकडे वळले. २५० जोड्यांची ९९८ मोजमापे त्यांनी प्रसिद्ध केली, म्हणजे प्रत्येक जोडी सरासरी चार वेळा. १८५२ साली शनीच्या आतल्या काळसर कड्यातून पलीकडचा ग्रह दिसतो, हे त्यांनी व इंग्लंडमध्ये लॅसेल यांनी जवळपास एकाच वेळी टिपले. शनीचे उपग्रह, गुरूचे वजन यांवरही त्यांनी काम केले. त्यांच्या काळात याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी नावाचे एक तरुण साहाय्यक होते. पुढे १८६७ साली त्यांनी तेज बदलणारा एक नवा तारा शोधून काढला.

आता येते ती गोष्ट, जिच्यामुळे जेकब यांचे नाव आजच्या पुस्तकांतही सापडते. भुजंगधारी नावाच्या तारकासमूहात ७० क्रमांकाचा एक जोडतारा आहे, आपल्यापासून सुमारे साडेसोळा प्रकाशवर्षांवर. तो हर्शेल यांनी १७७९ साली शोधला. त्यातले दोन तारे सुमारे ८८ वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. जेकब यांच्या काळापर्यंत बरीचशी फेरी मोजून झाली होती, म्हणून कक्षा काढणे सोपे जायला हवे होते. पण जमेना. कुठलीही कक्षा काढली तरी मोजलेली जागा आणि गणिताने आलेली जागा यांत थोडा फरक राहीच.

१८५५ साली त्यांनी लंडनला एक निबंध पाठवला. त्यात त्यांनी सुचवले, की या जोडीत एक तिसरे, न दिसणारे, ग्रहासारखे काहीतरी असावे आणि त्याच्या ओढीमुळे तारा जागचा हलत असावा. खात्री आहे असे त्यांनी म्हटले नाही, पण शक्यता दाट आहे असे म्हटले. आपल्या सूर्याशिवाय दुसऱ्या ताऱ्याला ग्रह आहे, असा मोजमापावर उभा राहिलेला हा इतिहासातला पहिला दावा मानतात आणि तो मद्रास वेधशाळेच्या संचालकाने केला.

दावा खरा ठरला नाही. १८९६ साली अमेरिकेतील थॉमस सी यांनी तो पुन्हा उचलून धरला. तीनच वर्षांनी फॉरेस्ट मोल्टन यांनी गणित मांडून दाखवले, की असा ग्रह तिथे टिकूच शकत नाही. त्यानंतरही शोध होत राहिले, पण त्या जोडीभोवती ग्रह असल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. मग तो फरक कशाचा होता? मोजमापातल्या बारीक चुकांचा. दोन ठिपके लगटून असले की डोळा, यंत्र आणि हवा मिळून एक-दोन दशांश विकलांचा घोटाळा सहज करतात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह प्रत्यक्ष सापडायला १९९५ साल उजाडले. जेकब यांच्या निबंधाला तेव्हा १४० वर्षे झाली होती. त्यांची विचाराची वाट बरोबर होती. दुसऱ्याच्या ओढीने तारा हलतो आणि त्या हलण्यावरून न दिसणारा सोबती ओळखता येतो, हीच रीत पुढे कामी आली. त्यांच्या हातातले यंत्र तेवढे अपुरे होते.

गंमत अशी, की त्याच १८५५ साली त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. इतर ग्रहांवर माणसांसारखी वस्ती असेल का, हा वाद तेव्हा इंग्लंडमध्ये जोरात होता आणि धर्मोपदेशकही त्यात उतरले होते. वस्ती असेल असे मानायला ज्योतिषशास्त्रात आधार नाही, अशा बाजूने जेकब यांनी लिहिले. ज्या वर्षी दूरच्या ताऱ्याला ग्रह असल्याचे सुचवले, त्याच वर्षी जवळच्या ग्रहांवर कुणी राहत असल्याची कल्पना नाकारली. पुरावा असेल तितकेच बोलावे असा त्यांचा स्वभाव यात दिसतो.

मद्रासची हवा त्यांना मानवली नाही. १८५८ मध्ये नवे यंत्र विलायतेहून येऊन बसत होते, त्याच सुमारास ते अंथरुणाला खिळले. आजारपणाच्या रजेवर त्यांना इंग्लंडला जावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात जेकबाबादेत भाऊ जॉन वारला. १३ ऑक्टोबर १८५९ रोजी विल्यम यांनी वेधशाळेचा राजीनामा दिला. घरात सहा मुलगे आणि दोन मुली. चाळिशी उलटलेला, प्रकृतीने खचलेला माणूस स्वस्थ बसला असता तर कुणी नावे ठेवली नसती.

ते बसले नाहीत. १८ जुलै १८६० च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सरकारी तुकडी स्पेनला निघाली, तिच्यात ते गेले. त्याच ग्रहणाची छायाचित्रे घेण्यासाठी रोमचे येशूसंघीय ज्योतिषी फादर आंजेलो सेकी हेही स्पेनच्या किनाऱ्यावर आलेले होते. त्यांनीही रोममध्ये जोडीचे तारे शेकड्यांनी मोजले होते.

जेकब यांच्या मनात मात्र पुणे होते. दुर्बीण कितीही चांगली असली तरी आपण हवेच्या तळाशी बसून पाहतो, खाडीच्या गढूळ पाण्यातून वर पाहिल्यासारखे. ज्या दोन-अडीच विकलांच्या फटीसाठी आणि ज्या दशांश विकलांच्या फरकासाठी त्यांनी डोळे शिणवले होते, त्या याच हवेने पुसून टाकल्या जात. डोंगरावर गेले की निम्मी धूळ, ओल आणि हवेची वळवळ खाली राहते. स्कॉटलंडचे पियाझी स्मिथ यांनी १८५६ साली टेनेरिफ बेटाच्या उंच डोंगरावर दुर्बीण नेऊन हे पडताळून पाहिले होते. जेकब यांनी योजना मांडली, की पुण्याकडच्या डोंगरावर, समुद्रापासून सुमारे ५,००० फूट उंचीवर वेधशाळा उभारावी. आज जगातल्या बहुतेक मोठ्या दुर्बिणी डोंगरांवर आहेत. तेव्हा ही कल्पना नवी होती.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १८६२ साली साहित्यासाठी १,००० पौंड मंजूर केले. जेकब यांनी स्वतःच्या पैशाने लेरेबूर यांच्याकडून ९ इंची भिंग विकत घेतले आणि तीन वर्षे तिथे काम करण्याचे कबूल केले. जी हवा दोनदा बाधली होती, तिच्याकडेच ते परत निघाले. हे धाडस म्हणावे की हट्ट, हे ज्याने त्याने ठरवावे. एलिझाबेथबाईंना काय वाटले असेल, याचा विचार मात्र मनात आल्याशिवाय राहत नाही.

८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईला उतरले. ऐन पावसाळा. बोरघाटातला लोहमार्ग तेव्हा अजून खुला झाला नव्हता, तो पुढच्या वर्षी झाला. मुंबईहून निघालेल्या प्रवाशांना घाट रस्त्यानेच चढावा लागे आणि खंडाळ्याहून पुढे आगगाडी मिळे. जेकब पुण्यास पोहोचले. तिथेच १६ ऑगस्ट रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांचे निधन झाले. एकोणपन्नासावे वर्ष चालू होते. मुंबईत पाऊल ठेवून फक्त आठ दिवस झाले होते आणि पावसाळ्याच्या त्या ढगांत एकही तारा दिसण्याची फारशी आशा नव्हती. डोंगरावरची वेधशाळा तिथेच संपली.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तिकडे अमेरिकेत मिचेलही गेले. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात सेनापती होते, पीतज्वराने त्यांना ओढून नेले. विंचवाच्या डोक्यातली एकच फट पृथ्वीच्या दोन टोकांहून पाहणारे हे दोघे, दोघेही लष्करी शिस्तीत वाढलेले, अडीच महिन्यांच्या अंतराने वारले.

पुण्यात पुन्हा वेधशाळा झाली ती १८८८ साली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. ती १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याजवळच्या डोंगरावर मोठी दुर्बीण बसायला २००६ साल यावे लागले. पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवली येथे आहे.

जेकब यांच्या पुण्याच्या आणि मद्रासच्या नोंदी मात्र वाया गेल्या नाहीत. जोडीचे तारे फार सावकाश फिरतात. कित्येकांची एक फेरी शेकडो वर्षांची. आजचा ज्योतिषी कितीही मोठी दुर्बीण लावो, १८४६ साली तो तारा कुठे होता हे त्याला आज मोजता येत नाही. त्यासाठी त्या रात्री जागलेल्या माणसाचाच आकडा घ्यावा लागतो. भुजंगधारीतला तो ७० क्रमांकाचा जोडतारा जेकब यांच्या निबंधानंतर एक फेरी पुरी करून दुसरी संपवत आला आहे. १८५५ साली ते दोन तारे जसे होते, त्याच जागी ते २०३१-३२ च्या सुमारास दुसऱ्यांदा येतील. जोडी बायनॉक्युलरमधून फुटणार नाही, पण तो तारा साध्या डोळ्यांनीही दिसतो. जून-जुलैत ढगांना फट पडली, तर मध्यरात्रीच्या आसपास डोक्यावरून जरा दक्षिणेला पाहावे.